पंधरा वर्षं ब्रेक कोण बघतं?

दिल्लीत १ जुलै २०२५ पासून पंधरा वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाड्यांना पंपावर पेट्रोल मिळणार नाही, असा आदेश निघाला. पंपांवर कॅमेरे बसले, पहिल्याच दिवशी काही दुचाक्या पंपावरून उचलल्या गेल्या आणि आठवडा उलटायच्या आत सरकारलाच माघार घ्यावी लागली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निव्वळ वयाकडे बोट दाखवून सक्तीची कारवाई करू नका, असं बजावलं. त्याच महिन्यात केंद्राने वीस वर्षांवरच्या मोटारसायकलच्या फेरनोंदणीचं शुल्क दोन हजारांवर नेऊन ठेवलं. मुंबईत जानेवारी २०२५ मध्येच उच्च न्यायालयाने पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने हटवता येतील का, अशी विचारणा केली होती आणि राज्याने त्यासाठी समिती नेमली. तेव्हापासून आपल्याकडे एकच भांडण चालू आहे. एक गट म्हणतो, जुनी गाडी म्हणजे धूर आणि धोका, भंगारात काढा. दुसरा म्हणतो, माझी स्प्लेंडर अठरा वर्षांत एकदाही रस्त्यात बंद पडलेली नाही, तिला हात लावून दाखवा. मूळ विषय प्रदूषणाचा होता, त्यात सुरक्षितता कधी मिसळली गेली हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. सुरक्षिततेपुरतं बोलायचं तर हे दोन्ही गट चुकीच्या गोष्टीवर भांडताहेत. वयाची अट काढून टाका आणि त्याऐवजी प्रत्येक दुचाकीची तिसऱ्या वर्षापासून दर दोन वर्षांनी छोटी, स्वस्त, विनादंड यांत्रिक तपासणी सक्तीची करा.

आज काय होतं ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. या पंधरा वर्षांत तिचा ब्रेक, टायर, चेन, हँडल, दिवा यांपैकी काहीही कुणालाही दाखवावं लागत नाही. पीयूसी असते, पण तिथे नळकांडं सायलेन्सरमध्ये जातं, पुढच्या चाकाकडे कुणी ढुंकून बघत नाही. पंधरा वर्षं भरली की गाडी आरटीओत न्यायची. तिथे कायद्याने तपासणी अपेक्षित आहे. प्रत्यक्षात सगळा भर असतो तो चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला छाप कागदाशी जुळतो का यावर. म्हणजे गाडी तीच आहे ना, एवढी खात्री होते. ती थांबते का, हा प्रश्न बाजूलाच राहतो. गोव्यात तर हा विरोधाभास रस्त्यावर उभा दिसतो. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली भाड्याची स्कूटर किंवा पायलटची, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाल्याची, मोटारसायकल ही कायद्याच्या लेखी व्यावसायिक वाहन. तिला पहिल्या आठ वर्षांत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तिच्याच शेजारी लावलेली, त्याच कंपनीची, त्याच वर्षाची पांढऱ्या पाटीची स्कूटर मात्र पंधरा वर्षं मोकाट. ब्रेकच्या लायनरला आपल्यावर भाडेकरू बसलाय की मालक, हे कसं कळावं?

आता त्या स्प्लेंडरबद्दल, कारण खरी गोम तिथेच आहे. चेतकच्या जमान्यात गाडीवर बसण्याआधी तिची मनधरणी करावी लागायची. स्कूटर एका बाजूला कलती करा, प्लग काढून पुसा, कार्बोरेटरचं जेट फुंकून साफ करा. राजदूत, येझदीवाल्यांचे रविवार तर गाडीच्या पायाशीच जायचे. त्या कटकटीचा एक फायदा होता, की गाडी सतत कुणाच्या तरी हाताखालून जायची. प्लग बदलायला गेलेला माणूस केबल तुटायला आलीये हेही बघायचा. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली ती पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असं सांगत. भारतीयांनी हा सल्ला अक्षरशः पाळला. इंजिनं इतकी भरवशाची झाली की गाडी दगा देत नाही याचा अर्थ गाडी ठीक आहे, असा आपण धरून चाललो. पण इंजिनाचा भरवसा वेगळा आणि झिजणाऱ्या भागांचा वेगळा. इंजिन बिघडलं तर गाडी बंद पडते आणि माणूस गॅरेजला जातो. ब्रेक शू झिजला तर गाडी बंद पडत नाही, उलट थांबायचीच कमी होते.

आणि ही झीज लपवायची सोयही गाडीतच असते. मागचा ब्रेक लागेनासा झाला की रॉडच्या टोकाचा नट दोन आटे आवळायचा, ब्रेक पुन्हा कडक. लायनर, म्हणजे ब्रेक शूवरचं घासणारं अस्तर, संपेपर्यंत हा खेळ चालतो. वास्तविक बऱ्याच गाड्यांच्या ड्रमवर एक बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेच्या पलीकडे गेला की लायनर संपला असं समजायचं. तो बाण आपल्या गाडीवर कुठे आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? पुढच्या ब्रेकची गोष्ट तर अधिक गमतीची. ‘पुढचा दाबू नकोस, पडशील’ हा सल्ला आपल्याकडे गाडी शिकवणारा प्रत्येक काका देतो. थांबवण्याचा मुख्य जोर पुढच्या चाकावर असतो. तोच ब्रेक वर्षानुवर्षं न वापरल्याने त्याची केबल गंजते आणि ज्या दिवशी जिवाच्या आकांताने मूठ आवळली जाते त्या दिवशी ती अर्ध्यातच अडकते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या सगळ्या नव्या गाड्यांना एका ब्रेकवर दोन्ही चाकं थांबवणारी किंवा एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी) व्यवस्था आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, तेव्हा नव्या गाडीपुरता हा प्रश्न थोडा सुटला. पण लायनरच संपला असेल तर कोणती व्यवस्था काय करणार? बाकी यादी कुठल्याही चौकातला मेकॅनिक झोपेत म्हणून दाखवेल. गोटा झालेला टायर, सैल चेन आणि खाल्लेले दात, हँडलचा ढिला कोनसेट, मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे संपलेले बुश, शॉकअपच्या सीलमधून गळून थेट डिस्कवर उतरणारं तेल, स्विच गेल्याने न लागणारा ब्रेक लाइट. आणि काही बिघाड तर मालकाने हौसेने विकत घेतलेले असतात: काढून टाकलेले आरसे, समोरच्याला आंधळं करणारा पांढरा दिवा, कापून टाकलेला साडीगार्ड. बुलेटच्या फटाका सायलेन्सरवर पोलीस रोडरोलर फिरवतात आणि त्याचे फोटो छापून येतात. गोट्या टायरवर कुणी रोडरोलर फिरवल्याचं मी पाहिलेलं नाही. आवाज शेजाऱ्यांना ऐकू जातो, टायरचं तसं नसतं.

तपासणीच्या विरोधात जे बोललं जातं त्यातलं बरंचसं फुसकं आहे, पण एक मुद्दा खरोखर भक्कम आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. अपघात यंत्राने होत नाहीत, माणसाने होतात. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या प्रसिद्ध हर्ट अहवालात लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास होता. त्यात गाडीतल्या बिघाडामुळे झालेले अपघात तीन टक्क्यांहूनही कमी निघाले, आणि त्यातलेही बहुतेक पंक्चरचे. पुढे युरोपातल्या पाच देशांत ९२१ अपघात तपासणाऱ्या ‘मेड्स’ अभ्यासात तर गाडीतला दोष हे मुख्य कारण फक्त ०.३ टक्के अपघातांत आढळलं. त्या देशांपैकी जर्मनीत दुचाकींची नियमित तपासणी आधीपासून होती, त्यामुळे तिथले दोष आधीच गाळले गेले होते, असं म्हणता येईल. पण फ्रान्समध्ये तशी तपासणी तेव्हा नव्हती आणि तरीही आकडा लहानच आला, हेही मान्य करायला हवं. आपल्याकडे २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. सरकारी अहवालात सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या नावापुढे कारण लिहिलंय अतिवेग. मग ब्रेक तपासून काय साधणार?

इथे ‘मुख्य कारण’ ठरतं कसं ते बघावं लागेल. ताशी ५० किलोमीटरने जाणाऱ्या मोटारसायकलसमोर रिक्षा आडवी आली. स्वाराने ब्रेक दाबला. दोन्ही ब्रेक नीट आणि टायर बरा असेल तर कोरड्या रस्त्यावर, ब्रेक लागल्यापासून, गाडी साधारण १६ मीटरमध्ये थांबेल. ब्रेकची पकड एक तृतीयांशाने कमी झालेली असेल तर तिला २४ मीटर लागतील. हा आठ मीटरचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण जिथे पहिली गाडी पूर्ण थांबते, त्या जागी दुसरी अजून ताशी २९ किलोमीटरने धावत असते. त्या वेगाने रिक्षावर आदळल्यावर पोलीस काय लिहितात? रिक्षावाल्याची चूक, किंवा स्वार भरधाव वेगात होता, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून हयगयीने चालवत होता. कारण म्हणून माणसाचं नाव लागलं, आणि ते खोटंही नाही. चूक झालीच होती. पण ती चूक जिवावर बेतली की नुसत्या शिव्यांवर भागली, हे त्या झिजलेल्या लायनरने ठरवलं, आणि त्याची नोंद कुठेच झाली नाही. अपघातानंतर मोटार वाहन निरीक्षक गाडी बघतो हे खरं. पण चेपून पडलेल्या गाडीच्या ब्रेकची पकड आदल्या क्षणी किती होती, हे त्याने कसं सांगावं? वेग ‘अति’ आहे की नाही हेसुद्धा थांबण्याच्या क्षमतेवर ठरतं. मुंबईच्या जुलैत, गोट्या टायरवर, ताशी चाळीसही अतिच.

माणसाच्या चुकीचा हा युक्तिवाद पूर्वीही झालेला आहे. १८६५ साली जर्मनीत मान्हाइमच्या एका बिअरच्या कारखान्यात वाफेचा बॉयलर फुटला. पुढच्याच वर्षी बाडेनमधल्या कारखानदारांनी बॉयलर नियमित तपासणारी स्वतःची संस्था काढली. आज जर्मनीत मोटारसायकली तपासणारी टीयूव्ही ही तिचीच वंशज. आपल्याकडेही कोलकात्यातल्या बॉयलर-स्फोटानंतर १८६४ मध्ये बंगालात कायदा झाला आणि १९२३ मध्ये तो साऱ्या देशासाठी आला. परळ-लालबागच्या गिरण्यांच्या बॉयलरना वर्षाकाठी निरीक्षकाचा दाखला लागायचा. बॉयलर फुटतो तेव्हा पाण्याची पातळी न पाहणारा फायरमन जबाबदार असूच शकतो. पण फायरमन चुकतो म्हणून बॉयलरची तपासणी नको, असं कुणी म्हणालं का? माणूस चुकणार हे गृहीत धरूनच यंत्राला चाचणी लावायची असते. हेल्मेटचं तरी दुसरं काय आहे? पुण्यात २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले. त्यातही ‘आधी रस्ते सुधारा’ हेच पालुपद होतं. खड्ड्यांचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. पण खड्डा चुकवायलाही नीट हँडल आणि नीट ब्रेकच लागतो. रस्ता जितका वाईट, तितकी गाडी चांगली हवी. हा मुद्दा तपासणीच्या बाजूचा आहे, विरोधातला नाही.

वयाच्या अटीचं भूत उतरवायचं असेल तर ब्रिटनकडे बघावं. तिथे १९६० साली वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांनी एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का हे बघणारी, चाचणी सुरू केली ती फक्त दहा वर्षांवरच्या गाड्यांसाठी. त्यांचाही समज आपल्यासारखाच होता, धोका काय तो जुन्या गाड्यांना. पण नापास होणाऱ्या गाड्यांचं प्रमाण असं निघालं की वर्ष-सव्वावर्षातच ही मर्यादा सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आणावी लागली. आज तिथे मोटारसायकलींची पहिली चाचणी तिसऱ्या वर्षी होते, नंतर दरवर्षी. साधारण पाच-सहा गाड्यांमागे एक पहिल्या फेरीत नापास होते. मोटारींपेक्षा हे प्रमाण बरंच कमी आहे. विरोधक यावरून म्हणतात, बघा, दुचाकीवाले गाडी सांभाळतात. म्हणतात त्यात तथ्य आहे. तिथे मोटारसायकल ही बहुतेकांची हौस असते, उन्हातच बाहेर पडते. पण वर्षाच्या वर्षाला तपासल्या जाणाऱ्या, लाडाकोडाच्या गाड्यांचं हे प्रमाण असेल, तर रोज तिघांना घेऊन, दुधाचे कॅन बांधून, चिखलातून जाणाऱ्या आणि कधीच न तपासलेल्या गाड्यांचं किती असेल? तिथे नापास होण्याच्या कारणांत पहिला नंबर दिवे आणि इंडिकेटरांचा लागतो, त्यामागून ब्रेक, टायर, शॉकअप, हँडल. सगळे स्वस्तातले आणि तासाभरात दुरुस्त होणारे दोष आहेत. तीन वर्षांच्या गाडीतही ते असतात आणि तीस वर्षांच्या जपलेल्या गाडीत नसतात. उलट चाळीस वर्षं पार केलेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ब्रिटनने चाचणीतून सूटच दिली आहे. वयावरून गाडी भंगारात काढणं म्हणजे जन्मतारीख बघून रोगनिदान करणं झालं.

‘सगळं पटतं, पण इथे करणार कोण?’ हा यानंतरचा प्रश्न, आणि मला सगळ्यात जास्त अडवणाराही हाच. पीयूसीचा अनुभव ताजा आहे. नळकांडं न लावता कागद हातात पडतो. व्यावसायिक वाहनांची योग्यता प्रमाणपत्रं तपासणीविनाच वाटली जातात, म्हणून उच्च न्यायालयात याचिका झाली, ब्रेक बघायला २५० मीटरचा ट्रॅक हवा असा आग्रह न्यायालयाला धरावा लागला. त्यात कोट्यवधी दुचाक्यांची भर टाकली तर एजंटांची दिवाळी होईल, ही भीती कुणी काढली तर मी तिला सिनिकल म्हणणार नाही. पण भ्रष्टाचार कुठे शिरतो? जिथे कागद नसल्यावर दंड आहे आणि कागद मिळवण्यात मालकाला स्वतःचा काडीचा फायदा नाही, तिथे. पीयूसीत धूर दुसऱ्याच्या फुप्फुसात जातो, त्यामुळे खोटा कागद मालकाला परवडतो. ब्रेकचं गणित उलटं आहे. खोटा दाखला घेणारा स्वतःच त्या गाडीवर बसून, पुढे पोर आणि मागे बायको घेऊन घरी जाणार असतो. म्हणून चाचणीचा निकाल दंडाशी जोडू नये, असं मी म्हणतो. दोष लिहून द्या, दुरुस्तीला महिना द्या, दुसऱ्यांदा दाखवणं फुकट ठेवा. ब्रेक पूर्ण गेला असेल, टायरचे धागे दिसत असतील, एवढ्याच बाबतीत गाडी तिथे थांबवा. आणि निकाल वाहनाच्या नोंदीत जाऊ द्या. ब्रिटनमध्ये नंबर टाकला की कुठल्याही गाडीच्या जुन्या चाचण्या आणि त्या वेळचं किलोमीटर वाचन फुकटात दिसतं. आपल्याकडे सेकंडहँड गाडी घेणाऱ्याला असं काही मिळालं तर चाचणी चुकवणाऱ्याची किंमत बाजारच पाडेल, पोलिसांची गरज नाही.

इथे एक मोह मात्र टाळला पाहिजे. ही चाचणी विम्याला जोडा, असं लगेच सुचवलं जाईल. ते करून झालंय. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पीयूसी नसेल तर विम्याचं नूतनीकरण नको, असं सांगितलं होतं. लोकांनी काय केलं? दोन्ही सोडून दिलं. विम्याविना फिरणाऱ्या गाड्यांमुळे अपघातग्रस्तांनाच भरपाई मिळेना, तेव्हा जुलै २०२४ मध्ये तीच अट न्यायालयाला सैल करावी लागली. एका सक्तीला दुसरी सक्ती बांधली की दोन्ही बुडतात.

चाचणी कुणी करायची, यातही एक खरी निवड आहे. ब्रिटनमध्ये ती परवानाधारक खासगी गॅरेजात होते, जिथे दुरुस्तीही होते. सोय मोठी, पण नसलेला दोष दाखवून बिल फुगवण्याचा मोह कायम. उत्तर आयर्लंडमध्ये ती सरकारी केंद्रात होते, जिथे स्क्रू ड्रायव्हरही विकत नाहीत. तिथे तक्रार असते ती तारीख मिळत नाही ही. आपल्याकडची फसवणुकीची जुनी हौस बघता मी दुरुस्ती आणि तपासणी वेगळी ठेवण्याच्या बाजूचा आहे, रांग लागली तरी चालेल. आणि एवढ्या गाड्या एका जागी आणणं अशक्य असतं, हे तर आता म्हणूच नका. २०२५ मध्ये महाराष्ट्राने एप्रिल २०१९ पूर्वीच्या प्रत्येक गाडीला नवी नंबर प्लेट बसवायला लावली. मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली, पण लोकांनी ५३१ रुपये भरले, वेळ घेतली, दुचाकी केंद्रावर नेऊन उभी केली. एक माणूस पाना घेऊन तिच्या मागे खाली बसला, जुनी पाटी काढली, नवी रिव्हेट केली. त्याच्या नाकासमोर वीतभर अंतरावर चेन लोंबत होती, टायर गोटा होता, ब्रेक लाइट फुटलेला होता. त्याकडे बघणं त्याचं काम नव्हतं. राज्यातल्या जुन्या दुचाक्यांचा एवढा मोठा मेळा भरवूनही राज्याला त्यांच्या प्रकृतीबद्दल एका ओळीचीही माहिती मिळालेली नाही.

गरिबावर बोजा पडेल, हा आक्षेप मी हलका मानत नाही. पार्सल पोचवणाऱ्या मुलाचा एक दिवस गेला तर त्याच्या पोटाला चिमटा बसतो, आणि शेतकऱ्याला तालुक्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो. पण आजची वयाची व्यवस्था काय करते तेही बघा. नवी गाडी घेणं ज्याला झेपत नाही, त्याचीच गाडी वीस वर्षांची होते, आणि दोन हजारांचं शुल्क त्याच्याच माथी येतं, गाडी ठणठणीत असली तरी. दर तीन वर्षांनी मॉडेल बदलणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. दोन वर्षांतून एकदा दोनेकशे रुपये आणि बदलाव्या लागल्या तर ब्रेक शू नि केबल, हा खर्च त्या दोन हजारांपेक्षा आणि भंगारात गेलेल्या गाडीपेक्षा कितीतरी कमी. पार्सल कंपन्यांच्या बाबतीत तर हे पैसे कंपनीने द्यावेत. दहा मिनिटांत डबा पोचवायची घाई तिची आहे.

फ्रान्सकडे शेवटची नजर टाकतो, कारण विरोध किती टोकाला जाऊ शकतो हे तिथे दिसलं. युरोपीय नियमाप्रमाणे तिथे दुचाकींच्या तपासणीचा हुकूम ऑगस्ट २०२१ मध्ये निघाला आणि दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांनी तो थांबवला. संतप्त मोटारसायकलस्वारांचा महासंघ, होय, संघटनेचं नावच तसं आहे, रस्त्यावर उतरला होता. प्रकरण तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात गेलं, न्यायालयाने सरकारची माघार रद्द केली आणि १५ एप्रिल २०२४ पासून तपासणी सुरू झाली. सरकारला निवडणूक असते, स्वारांना राग असतो. दोन्ही समजण्यासारखं आहे. आपल्याकडे एकदम कोट्यवधी गाड्यांवर फर्मान काढलं तर याहून वेगळं काही होणार नाही. म्हणून सुरुवात तालुक्यापासून करावी. आरटीओचे निरीक्षक ठरलेल्या तारखांना तालुक्याच्या गावी शिबिराला जातातच. लायसन्सची कामं तिथे होतात. त्याच मांडवात पहिली दोन वर्षं ऐच्छिक आणि फुकट तपासणी ठेवावी: टायरची खोली मोजायची पट्टी, ब्रेक बघायला शंभर पावलांचा मोकळा रस्ता, आयटीआय झालेली दोन मुलं आणि दोष लिहून द्यायला छापील चिठ्ठी. दोन वर्षांनी त्या चिठ्ठ्या मोजाव्यात आणि सक्ती करायची की नाही, कितव्या वर्षापासून करायची, हे त्या आकड्यांवर ठरवावं. मी तिसरं वर्ष म्हणतोय. आकडे पाचवं म्हणाले तर पाचवं.